गाडीचं खरं ॲव्हरेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्यांच्या ॲव्हरेजबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी कसलं तरी आश्चर्य असतं. मोठी गाडी वाटलं त्यापेक्षा जास्त देते, छोटी कमी देते, हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी) हायवेवर निराश करते, आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांमध्ये लिटरमागे पाच-सहा किलोमीटरांचा फरक पडतो. मी बरीच वर्षं प्रत्येक टाकीची नोंद वहीत ठेवत आलो आहे. त्या वहीमुळे मला एक गोष्ट पक्की कळली: ‘या गाडीचं ॲव्हरेज’ असा एकच आकडा नसतो, तो गाडी आणि तिची रोजची फेरी या जोडीचा आकडा असतो. खालची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतात.

१. खरं ॲव्हरेज काढायचं तरी कसं? प्रत्येक जण वेगळी पद्धत सांगतो.

टाकी फुल ते टाकी फुल. नोझल आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, निदान अर्ध्याहून जास्त टाकी संपेपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा आणि पुन्हा तसंच नोझल बंद होईपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर. पहिल्या वेळी किती भरलं याचा हिशेबाशी काही संबंध नाही, आणि नेमकी तिथेच गल्लत होते.

एका टाकीवर मात्र विसंबू नका. नोझल कधी बंद होणार हे गाडी किती तिरकी उभी आहे, पेट्रोल किती जोरात पडतंय, फेस किती झाला यावर ठरतं. त्यात एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो, आणि ३० लिटरांत एक लिटर म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. सलग चार-पाच टाक्यांचे सगळे किलोमीटर आणि सगळे लिटर एकत्र करून भागाकार केला की ही चूक जवळपास नाहीशी होते. प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी घेऊ नका. कारण प्रश्न १९ मध्ये आहे.

२. डॅशबोर्डवर २१ दिसतं, हिशेबात १९.५ येतं. खरं कोणतं?

तुमचा हिशेब. गाडी पेट्रोल मोजत नाही, अंदाज करते. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा होता त्यावरून किती इंधन गेलं असेल ते कॉम्प्युटर ठरवतो. हा अंदाज बऱ्याच गाड्यांत थोडा उदार असतो. तरीही तो आकडा टाकाऊ नाही. चूक साधारण एकसारखीच राहते, म्हणून ‘गेल्या आठवड्यापेक्षा कमी की जास्त’ हे तो बरोबर सांगतो. दोन वेगळ्या गाड्यांची तुलना मात्र डॅशबोर्डवरून करू नका.

३. कंपनी २४ सांगते आणि मला १६ मिळतं. हे सरळ सरळ खोटं नाही का?

बहुतेक वेळा नाही. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर चालवलेल्या गाडीचा असतो. वेगाचा आलेख सेकंदासेकंदाला ठरलेला, तापमान ठरलेलं, रस्त्यावर खड्डे नाहीत, वारा नाही. युरोपातली जुनी चाचणी, एनईडीसी, फक्त २० मिनिटांची आणि ११ कि.मी.ची होती. तिचा सरासरी वेग ताशी ३४ कि.मी.च्या आत, आणि वेग इतका सावकाश वाढवायचा की रस्त्यावर मागचा हॉर्न वाजवेल. भारतातली एमआयडीसी ही चाचणी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) याच घराण्यातली, आणि तिचा कमाल वेग ९० च ठेवलेला. २०१७ पासून युरोपात डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आली: ३० मिनिटं, २३ कि.मी., कमाल वेग १३१. आकडे वास्तवाच्या जवळ आले, पण अंतर मिटलं नाही. २०२१ साली नोंदणी झालेल्या गाड्यांची रस्त्यावरची माहिती युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये मांडली, तेव्हा पेट्रोल-डिझेल गाड्या चाचणीपेक्षा सुमारे एक पंचमांश जास्त इंधन घेत असल्याचं दिसलं. म्हणजे डब्ल्यूएलटीपीचा आकडा २४ असेल तर रस्त्यावर २० मिळणं हे सर्वसाधारण आहे. एनईडीसी किंवा एमआयडीसीच्या २४ चे गर्दीत १६ होणं हेही अशक्य नाही.

नियमात राहूनही आकडा चुकू शकतो, याचं माझ्या मते सगळ्यांत बोलकं उदाहरण फोर्ड सी-मॅक्स हायब्रिडचं. तेव्हाच्या अमेरिकी नियमानुसार एकच इंजिन, गिअरबॉक्स आणि वजनगट असलेल्या दोन गाड्यांना एकाच चाचणीचा आकडा लावता येत असे. म्हणून बुटक्या, निमुळत्या फ्युजन सेडानचा ४७ मैल प्रति गॅलन हा आकडा उंच सी-मॅक्सलाही लागला. रस्त्यावर वारा आडवा आला. २०१३ मध्ये तो आकडा ४३ वर आणावा लागला, म्हणजे लिटरला २० वरून साधारण १८.३.

सरळ लबाडीही झालेली आहे. २०१६ मध्ये जपानच्या मित्सुबिशीने आपल्या सव्वासहा लाख छोट्या गाड्यांच्या चाचणीत फेरफार केल्याचं कबूल केलं. पण तुमच्या २४ आणि १६ मधल्या फरकाचं उत्तर बहुधा प्रश्न ५, ६ आणि ७ मध्ये सापडेल.

४. आम्ही ‘लिटरला किती’ म्हणतो, काही देशांत ‘१०० कि.मी.ला किती लिटर’ म्हणतात. फरक काय पडतो?

दिसतो त्यापेक्षा खूप जास्त. घरात दोन गाड्या आहेत असं धरा. एक लिटरला ८ देते, दुसरी २०. दोन्ही महिन्याला १००० कि.मी. चालतात. आता ८ वालीच्या जागी १० देणारी आणायची, की २० वालीच्या जागी २५ देणारी? पाच जास्त म्हणून मन २५ कडे धावतं. पण ८ ची १० झाली की १२५ लिटरांचे १०० होतात, २५ लिटर वाचतात. २० ची २५ झाली की ५० चे ४० होतात, फक्त १० लिटर वाचतात.

रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोन संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा भ्रम मांडला. मैल प्रति गॅलन हे माप माणसाला हमखास फसवतं, असं त्यांनी दाखवलं. आपलं कि.मी. प्रति लिटरही त्याच जातीचं. गाडी बदलताना आकडे उलटे करून पाहा: १०० ला लिटरला मिळणाऱ्या किलोमीटरांनी भागा. जास्त पिणाऱ्या गाडीतली छोटी सुधारणा कमी पिणाऱ्या गाडीतल्या मोठ्या सुधारणेला भारी पडते.

५. शहरात गाडी इतकं पेट्रोल पिते ते जातं कुठे?

ब्रेकमध्ये. माणसांसकट १३०० किलोची गाडी शून्यापासून ५० च्या वेगाला नेली की तिच्यात सुमारे १२५ किलोज्यूल ऊर्जा साठते. लिटरभर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल असतात आणि त्यातली साधारण पाव चाकापर्यंत पोचते. हिशेब केला तर अशा एका उठावाला १५-१६ मिलि पेट्रोल लागतं, म्हणजे मापाचे तीन छोटे चमचे. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ते तीन चमचे ब्रेक पॅड गरम करण्यात संपतात.

एका वेगाने लिटरला २० देणारी गाडी कि.मी.ला ५० मिलि घेते. वाटेत दर कि.मी.ला दोनदा थांबून पुन्हा ५० गाठावं लागलं तर आणखी ३० मिलि. ८० मिलि म्हणजे लिटरला साडेबारा. गाडीत काही बिघडलेलं नाही, तीच गाडी, तोच चालक. त्यात उभ्या इंजिनाची भर: छोटं पेट्रोल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास घेतं.

म्हणून शहरात सगळ्यांत मोठी बचत पुढच्या सिग्नलकडे लांबून पाहण्यात आहे. लाल दिसला की पाय लवकर काढा, थांबायच्या आत हिरवा झाला तर तीन चमचे वाचले. मंद चालवण्याशी याचा फारसा संबंध नाही.

६. माझी आणि माझ्या मित्राची गाडी एकच, साल एकच, शहर एकच. त्याला १७ मिळतं, मला १२. माझ्या गाडीत दोष आहे का?

आधी दोघांच्या फेरीची लांबी मोजा. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यावं लागतं, तेल घट्ट असतं, गिअरबॉक्स आणि टायरही थंड असतात. हे सगळं नीट तापायला कित्येक कि.मी. जातात. तुमची फेरी ३-४ कि.मी.ची असेल तर तुमची गाडी जन्मभर थंडच चालते. मित्र सलग २० कि.मी. जात असेल तर त्याने पहिल्या काही कि.मी.चा तोटा पुढे भरून काढलेला असतो.

हवा थंड असेल तर हे दुखणं वाढतं. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या आकड्यांप्रमाणे उणे ७ अंशांत पेट्रोल गाडीचं शहरातलं ॲव्हरेज २५ अंशांच्या मानाने सुमारे १५ टक्के घसरतं, पाच-सहा कि.मी.च्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत. हायब्रिड तर ३० टक्क्यांहून जास्त गमावते, कारण एरवी बंद राहणारं इंजिन तिला उबेसाठी चालू ठेवावं लागतं.

उपाय साधा आहे. तीन कामांसाठी तीन वेळा गाडी काढण्याऐवजी एकाच फेरीत तिन्ही उरका, लांबचं काम आधी. उभ्या उभ्या इंजिन गरम करत बसू नका, त्या वेळेत मिळणारं ॲव्हरेज शून्य असतं.

७. एसीने नक्की किती फरक पडतो? कोणी ५ टक्के सांगतं, कोणी २५.

दोघंही खरं सांगतात. एसी किलोमीटरवर चालत नाही, तासावर चालतो. कडक उन्हात तो तासाला अर्धा लिटर घेतो असं धरा. ताशी १५ च्या गर्दीत त्या तासात १५ कि.मी. होतात, म्हणजे कि.मी.ला ३३ मिलि. ताशी ९० ने जाताना तेच अर्धा लिटर ९० कि.मी.वर पसरतं, कि.मी.ला साडेपाच मिलि. म्हणून गर्दीत एसी ॲव्हरेज अक्षरशः खातो आणि हायवेवर जाणवतही नाही. खिडक्यांचं उलट: गर्दीत फुकट, वेग वाढला की वारा अडवतात. उन्हात तापलेल्या गाडीचे दरवाजे दोन मिनिटं उघडे ठेवून मग एसी लावा, सुरुवातीचा जोर खूप कमी होतो.

८. हायवेवर सर्वांत जास्त ॲव्हरेज कोणत्या वेगाला?

बहुतेक गाड्यांत सर्वांत वरच्या गिअरमध्ये, इंजिन कण्हत नाही अशा सर्वांत कमी वेगाला, साधारण ६० ते ८० च्या मध्ये. त्यापुढे हवा बाजी मारते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात, वेग दीडपट झाला, पण वारा सव्वादोन पट.

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने ७४ गाड्यांवर हे तपासलं. ताशी ८० वरून ९७ वर जाताना ॲव्हरेज सरासरी १२ टक्के पडलं, ९७ वरून ११३ ला आणखी १४, ११३ वरून १२९ ला आणखी १५. ८० ला २० देणारी गाडी १२९ ला पावणेतेरावर येते. म्हणजे प्रश्न ५ मधल्या शहराच्या जवळपास.

९. हायवेवर माझ्या एसयूव्हीचं ॲव्हरेज इतकं का पडतं? इंजिन तर सेडानचंच आहे.

इंजिन तेच, पण पुढची भिंत वेगळी. सेडानचा हवेसाठीचा गुणांक (आकार हवेला किती अडवतो ते सांगणारा आकडा) ०.२८ आणि समोरचं क्षेत्रफळ २.२ चौ.मी. धरलं तर गुणाकार ०.६२ येतो. एसयूव्हीचा ०.३६ आणि २.६ धरला तर ०.९४. हवेशी झुंज दीडपट. शहरात हे कळत नाही, तिथे फक्त वजन मोजलं जातं. म्हणून ‘शहरात दोघींचं सारखंच येतं’ म्हणणाऱ्याचंही बरोबर, आणि हायवेवर चार-पाचाचा फरक सांगणाऱ्याचंही.

१०. एवढ्या मोठ्या इंजिनाची गाडी हायवेवर १२ कशी देते? आमच्या छोट्या गाडीचं १२० च्या वेगाला १३ च येतं.

हा प्रश्न मला फार आवडतो. सीसी आणि ॲव्हरेज यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही, हे तो दाखवतो. २०१४ ची शेव्हरोले कॉर्व्हेट घ्या. ६.२ लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन, गिअरबॉक्स हाताचा, सात गिअरचा. अमेरिकी सरकारी आकडे शहरात १७ आणि हायवेवर २९ मैल प्रति गॅलन. आपल्या भाषेत लिटरला ७.२ आणि १२.३.

शहरातले ७.२ अपेक्षेप्रमाणेच आहेत. हायवेवरच्या १२.३ मागे तीन गोष्टी आहेत. गाडी बुटकी आणि जमिनीला चिकटून, सातवा गिअर इतका लांब की इंजिन जेमतेम फिरतं, आणि काम हलकं असलं की आठांतले चार सिलिंडर झोपवता येतात. एका वेगाने धावायला गाडीला २०-२५ अश्वशक्ती पुरते, ती देणारं इंजिन किती मोठं आहे याने थोडाच फरक पडतो. याउलट छोट्या इंजिनाच्या गाडीत चढ पेलावा म्हणून गिअर आखूड ठेवलेले असतात. १२० ला ते इंजिन साडेतीन-चार हजार आरपीएमवर ओरडत असतं आणि निम्मी मेहनत स्वतःच्या घर्षणात घालवतं. छोटी गाडी शहरात, ८० च्या आत, तिच्या घरी असते.

११. छोटं टर्बो पेट्रोल इंजिन कागदावर इतकं चांगलं आणि माझ्या हातात इतकं वाईट का?

कारण त्या गाडीत दोन इंजिनं आहेत. हलका पाय ठेवला तर छोटं इंजिन, जोर दिला तर टर्बोमुळे (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) मोठं. चाचणीत पहिलं चालतं, रस्त्यावर ओव्हरटेक करताना दुसरं. जोरात असताना इंजिन थंड ठेवायला काही वेळा गरजेपेक्षा जास्त पेट्रोलही फवारलं जातं. चालवणाऱ्याच्या पायावर इतकं अवलंबून असणारं दुसरं इंजिन मी पाहिलेलं नाही. दोन आठवडे टर्बो जागा होण्याआधीच गिअर बदलून पाहा, मगच गाडीला दोष द्या.

१२. हायब्रिड शहरात जास्त देते आणि हायवेवर कमी. मीटर उलटा वाचतोय का?

नाही, हायब्रिड असंच वागते. प्रश्न ५ मधले तीन चमचे तिला बरेचसे परत मिळतात. ब्रेक लावताना मोटर उलटी फिरून बॅटरी भरते आणि पुढच्या उठावाला तीच वीज कामी येते. सिग्नलला इंजिन बंद. १९९७ मध्ये टोयोटा प्रियस आली तेव्हापासून हे मूळ तत्त्व बदललेलं नाही.

हायवेवर ब्रेकच लागत नाहीत, मग परत काय मिळणार? तिथे फक्त तिच्या काटकसरी इंजिनाचा फायदा उरतो, तो असतो पण थोडा. रोज हायवेवर शंभर कि.मी. जाणाऱ्याने फक्त ॲव्हरेजसाठी हायब्रिड घ्यायची म्हटलं तर मी थांबायला सांगेन. गर्दीत रोज दोन तास घालवणाऱ्याला मात्र दुसरी गाडी सुचवणार नाही.

१३. मग प्लग-इन हायब्रिड? तिचे आकडे लिटरला ५० च्याही वर आहेत.

रोज रात्री चार्ज करणार असाल आणि रोजची फेरी बॅटरीत बसत असेल तरच. चाचणीत असं गृहीत धरतात की बरंचसं अंतर विजेवर कापलं जाईल. प्रश्न ३ मधल्या युरोपीय आकडेवारीत प्लग-इन गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीच्या साडेतीन पट निघालं. चार्ज न करता चालवली तर ती मोठी बॅटरी वागवणारी जड पेट्रोल गाडी ठरते.

१४. इलेक्ट्रिक गाडीचं ‘ॲव्हरेज’ कसं मोजायचं?

१०० कि.मी.ला किती युनिट वीज, असं. तुलना करायचीच तर एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ युनिट ऊर्जा असते. १०० कि.मी.ला १५ युनिट घेणारी गाडी या मापाने लिटरला ५९ देते. पण वीज तयार करताना होणारा तोटा यात धरलेला नाही. वागणं हायब्रिडसारखंच: शहरात छान, हायवेवर पडतं, थंडीत आणखी पडतं.

१५. डिझेल गाडी जास्त देते हे इंजिनाचं कौतुक की डिझेलचं?

दोघांचं. लिटरभर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा जास्त असते. डिझेल मुळात जड आहे. म्हणजे पेट्रोल गाडी १८ देत असेल तर त्याच गुणाच्या डिझेल गाडीने २० दिले तरी इंजिनाने काही जिंकलं नाही. त्यावरचं जे येतं ते इंजिनाचं. दाब जास्त, आणि हवा अडवणारा थ्रॉटल नसल्याने कमी जोरावर चालताना होणारी ओढाताण नाही. त्यामुळे भरलेल्या गाडीत, चढावर आणि संथ गर्दीत डिझेल पेट्रोलइतकं घसरत नाही.

धुराचा हिशेबही लिटरवर करू नका. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा २.७ किलो. लिटरला २० देणारी डिझेल आणि १७ देणारी पेट्रोल गाडी या बाबतीत बरोबरीत सुटतात.

१६. सीएनजीवर गाडी २७ देते, पेट्रोलवर १८. गॅसवर इंजिन इतकं सुधारतं?

इंजिन सुधारलं नाही, माप बदललं. सीएनजी किलोत मिळतो, पेट्रोल लिटरात. एका किलो सीएनजीत सुमारे ४८ मेगाज्यूल, एका लिटर पेट्रोलमध्ये ३२. दीडपट. १८ ची दीडपट २७. गाडी तेवढीच कार्यक्षम राहिली, माप मोठं झालं. पैसे वाचतात ते इंधनाच्या दरामुळे.

एलपीजी लिटरात मिळतो, पण त्याच्या लिटरात ऊर्जा पेट्रोलच्या पाऊणपट, म्हणून आकडा खाली जातो. इथेनॉलचं तसंच, लिटरला २१ मेगाज्यूल. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरातली ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते, १८ चे १६.८ होतात. इंजिन इथेनॉलसाठीच बांधलं असेल तर जास्त दाबाचा फायदा घेऊन ते यातलं काही परत मिळवतं. तुमची घट याहून खूप जास्त असेल तर कारण दुसरीकडे शोधा, प्रश्न २४ पाहा.

१७. ऑटोमॅटिक गाडी कमी देते ना?

जुन्या देत असत, कारण इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये घसरणारं तेल असायचं. आता आठ गिअरच्या किंवा सीव्हीटी (पायऱ्यांऐवजी सलग बदलणारा गिअर) गाड्या कित्येकदा हाताच्या गिअरच्या बरोबरीने किंवा जास्त देतात. गिअर कधी बदलायचा हे त्या आपल्यापेक्षा बरं ठरवतात.

१८. उतारावर न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं का?

इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की पेट्रोल पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केली की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे न्यूट्रलमध्ये इंजिनाचा ब्रेक जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ते तापून निकामी होऊ शकतात. ही सवय कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजेक्शनच्या आधीच्या काळातली आहे. कृपया सोडून द्या.

१९. घाट चढताना ८ आलं, उतरताना ४०. म्हणजे सरासरी २४ ना?

नाही, १३.३. चढ १० कि.मी. असेल तर त्याला सव्वा लिटर लागलं, उताराच्या १० कि.मी.ला पाव. २० कि.मी.ला दीड लिटर. ॲव्हरेजची सरासरी अशी काढता येत नाही, लिटर बेरजेला घ्यावे लागतात.

उंचावरच्या सपाट भागात मात्र खरंच जास्त मिळू शकतं, आणि अनेकांना ते पटत नाही. २००० मीटरवर हवा सुमारे एक पंचमांशाने विरळ असते, त्यामुळे तिचा अडथळाही तेवढाच कमी. पिकअप कमी वाटतो, ॲव्हरेज वाढतं.

२०. नवे टायर टाकले आणि ॲव्हरेज पडलं. टायर खराब निघाले का?

बहुधा नाही. झिजलेला टायर आकाराने लहान असतो. १९५/६५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६३५ मिमी. ६ मिमी नक्षी झिजली की व्यास १२ मिमीने कमी होतो, म्हणजे जवळपास दोन टक्के. जुने टायर दर १०० कि.मी.ला मीटरवर दोन कि.मी. फुकटचे दाखवत होते, ते बंद झाले. शिवाय नव्या जाड नक्षीचं रबर फिरताना जास्त दबतं आणि जास्त ऊर्जा खातं. हे हळूहळू कमी होतं. मोठ्या मापाचे टायर घातले असतील तर मीटर कमी कि.मी. दाखवतो, तिथे आधी कि.मी. दुरुस्त करून मग भागाकार करा.

हवेचा दाब एक पीएसआय कमी झाला तर ॲव्हरेज साधारण ०.२ टक्के पडतं. लोक समजतात त्यापेक्षा हे कमी आहे. दाब सांभाळायचा तो मुख्यतः टायर फुटू नये म्हणून.

२१. एअर फिल्टर बदलला की किती वाढेल? आणि महागडं पेट्रोल?

फिल्टरने जवळपास शून्य. ओक रिजच्याच २००९ च्या चाचणीत दिसलं की आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज पडत नाही, पिकअप पडतो. हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही तेवढंच कमी देतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत फरक पडायचा, म्हणून समज टिकून आहे. फिल्टर वेळेवर बदला, पण ॲव्हरेजच्या आशेने नको. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचं तेच: गाडीच्या पुस्तकात मागितलं नसेल तर फायदा नाही.

२२. छतावर सामान नेलं तर वजनामुळे फरक पडतो का?

वजनामुळे थोडा, वाऱ्यामुळे खूप. ४५ किलो वजन वाढलं तर सुमारे १ टक्का. पण छतावरची मोठी पेटी शहरात २ ते ८ टक्के खाते आणि ताशी १०५ ते १२० च्या वेगाला १० ते २५ टक्के. तेच सामान गाडीच्या मागे बांधलं तर हायवेवर ५ टक्क्यांच्या आत. प्रवास संपला की रिकामा कॅरियरही उतरवून ठेवा.

२३. पहाटे थंड पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं म्हणतात.

पेट्रोल अंशाला ०.१ टक्का प्रसरण पावतं, हे खरं. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. पाच-दहा मिलिसाठी झोप मोडू नका.

२४. काहीच बदललं नाही, तरी महिन्याभरात १७ चं १३ झालं. आता काय?

आता मात्र गाडी तपासायची वेळ आली. आधी खात्री करा की फेरी, मोसम आणि इंधन खरंच तेच आहे. मग सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये संथ घरंगळू द्या. नेहमीपेक्षा लवकर थांबली तर ब्रेक धरून राहतोय. दहा कि.मी. चालवून उतरल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं तर ते चाक मेकॅनिकला दाखवा.

इंजिनाच्या तापमानाचा काटा एरवी मध्यावर असतो तो आता खालीच राहतोय का? थर्मोस्टॅट (इंजिन थंड करणारं पाणी सोडणारी झडप) उघडा अडकला असेल, आणि गाडी प्रश्न ६ मधल्यासारखी कायम थंड चालत असेल. इंजिनाचा दिवा लागला असेल तर धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या. तो गेल्यावर इंजिन डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं पेट्रोल ओततं, आणि अमेरिकी ऊर्जा खात्याच्या मते एवढ्या एका सुट्या भागामुळे ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारल्याचं उदाहरण आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला तिथेच बोलवा.